नोटीस दिली की खरंच संबंध बिघडतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका एका पुलाच्या कामावर कंत्राटदाराकडे प्लॅनिंग इंजिनिअर आहे. करार फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) 1999 च्या रेड बुक या नमुना करारावरचा, कलमं जवळपास जशीच्या तशी. पिअर कॅपच्या (पुलाच्या खांबाच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या तुळईच्या) सळयांची ड्रॉइंग मंजूर बार चार्टप्रमाणे (कामाच्या वेळापत्रकाप्रमाणे) 3 मार्चला मिळायला हवी होती, ती इंजिनिअरकडून (क्लायंटने करार राबवायला नेमलेल्या अभियंत्याकडून) 27 मार्चला आली. त्याच सुमारास कॅपचं शटरिंगही (काँक्रीट ओतायचा साचा) लांबलं. कंपनीच्याच सबकॉन्ट्रॅक्टरने 10 मार्चला आणायचं साहित्य 19 मार्चला आणलं. लेखी म्हणावं असं काय, तर 20 फेब्रुवारीच्या बैठकीच्या मिनिट्समध्ये 'ड्रॉइंग 3 मार्चपर्यंत लागतील' ही एक ओळ. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, 'आत्ता नोटीस दिली तर संबंध बिघडतील, बिलं अडकतील. मुदतवाढ शेवटी एकदम मागू.' शिवाय महिन्याच्या अपडेटमध्ये शटरिंग 10 तारखेलाच आलं असं दाखवायला आणि सगळे 24 दिवस ड्रॉइंगच्या नावावर टाकायला त्यांनी सांगितलंय. पुढे 25 एप्रिलला बेअरिंग पेडेस्टलची (कॅपवरच्या, पुलाचा वरचा भाग टेकवायच्या उंचवट्यांची) ड्रॉइंग लागणार आहेत, त्यांचाही पत्ता नाही. ती विचारते: 'साहेबांचं ऐकावं, की मीच मेल टाकून मोकळं व्हावं? नोटिशीचे 28 दिवस तर उलटून गेलेत. मग आता नोटिशीचा उपयोग तरी काय?' पत्रावर तारीख 4 एप्रिलची आहे.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: नोटीस 10 एप्रिलच्या आत जाऊ द्या, आणि तिच्यावर मागची तारीख टाकू नका. सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. त्या दोन ओळींमागचं कारण आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या कात्रीत सापडलेले खूप जण हे सदर वाचतात.

तुमच्या पत्रात एक समज सगळीकडे पसरलेला दिसतो, आणि तो साहेबांइतकाच तुमचाही आहे. नोटीस म्हणजे आरोपपत्र, ती द्यायची म्हणजे समोरच्याशी वाकडं घ्यायचं, असं दोघांनीही धरून ठेवलंय. फरक एवढाच की साहेब त्यामुळे थांबलेत आणि तुम्ही त्यामुळेच घाबरत का होईना, लढायला निघालात. पण कलम 20.1 काय मागतं ते एकदा शांतपणे वाचा. ज्या घटनेमुळे किंवा परिस्थितीमुळे मुदतवाढ किंवा पैसे मागावे लागतील, तिचं वर्णन. बस. चूक कुणाची हे लिहायची गरज नाही, दिवस किती हे सांगायची गरज नाही, रकमेचा तर प्रश्नच नाही. दिवस आणि रक्कम पुढच्या सविस्तर क्लेममध्ये येतात.

त्याच करारात आणखी दोन कलमं आहेत, ती साइटवर फारसं कुणी उघडत नाही. कलम 8.3 म्हणतं की कामावर परिणाम करू शकतील अशा संभाव्य घटना कंत्राटदाराने इंजिनिअरला वेळीच कळवाव्यात. आणि कलम 1.9 तर खास तुमच्यासाठी लिहिलंय असं वाटावं. ड्रॉइंग किंवा सूचना अमुक वाजवी वेळेत मिळाली नाही तर काम अडेल असं दिसलं, की कंत्राटदाराने नोटीस द्यायची. कोणतं ड्रॉइंग, का हवंय, कधीपर्यंत हवंय आणि उशीर झाला तर काय नि किती अडेल, हे सगळं त्यात सांगायचं. म्हणजे उशीर व्हायच्या आधी. एनईसी या ब्रिटिश नमुना करारांत हीच गोष्ट 'अर्ली वॉर्निंग' म्हणून येते आणि तिथे ती दोन्ही बाजूंवर बंधनकारक आहे. ज्याला आधी कळेल त्याने आधी सांगायचं.

करारांत असं सगळं लिहिण्याचं कारण साधं आहे. फेब्रुवारीत कळवलं असतं तर इंजिनिअरच्या हातात उपाय होते. सगळी ड्रॉइंग एकदम देता येत नसतील, तर पहिल्या दोन पिअरची आधी सोडता आली असती. कामाचा क्रम बदलायला मान्यता देता आली असती. डिझाइनच्या ऑफिसमध्ये जाऊन बसता आलं असतं. काम संपल्यावर कळवलं तर यातलं काहीच करता येत नाही. समोर फक्त हिशेब उरतो, आणि हिशेबात दोघांनाही एकमेकांशी भांडण्याखेरीज गत्यंतर नसतं. तुमच्या साहेबांना ज्या भांडणाची भीती वाटते, ते त्यांच्याच 'शेवटी एकदम मागू'मध्ये दडलंय असं मला मनापासून वाटतं.

मुदतवाढ ही कंत्राटदाराला मिळणारी मेहेरबानी आहे, ही समजूतही जरा तपासून बघा. इंग्लंडमध्ये 1970 साली पीक कन्स्ट्रक्शन विरुद्ध मॅकिनी फाउंडेशन्स हा खटला गाजला. उशिराचा काही भाग क्लायंटमुळेच झाला होता, आणि त्या उशिरासाठी मुदत वाढवायची सोय करारात नव्हती. कोर्टाने सांगितलं, तर मग ठरावीक दराने दंड लावता येणार नाही. स्वतः वाट अडवायची आणि वर उशीर झाला म्हणून दंड घ्यायचा, हे चालणार नाही. क्लायंटच्या उशिरासाठी मुदतवाढ देणारं कलम प्रमाणित करारांत इतकं ठळक असतं ते यामुळेच. इंजिनिअरने मुदत वाढवली की पूर्णत्वाची नवी पक्की तारीख ठरते आणि क्लायंटचा दंडाचा हक्क शाबूत राहतो. तुमची नोटीस ही इंजिनिअरची स्वतःची गरज आहे. हे साहेबांना सांगा, त्यांनी कदाचित या बाजूने विचार केलेला नसेल.

याच खटल्याच्या आधारावर काही जुने कंत्राटदार उलटा तर्क लावतात: उशीर क्लायंटचा, म्हणजे नोटीस दिली काय नि नाही काय, दंड लागूच शकत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. मल्टिप्लेक्स विरुद्ध हनीवेल (2007) या खटल्यात इंग्लंडच्या कोर्टाने हा रस्ता बहुतांशी बंद केला. मुदतवाढीची सोय करारात होती, नोटीस देणं तुमच्या हातात होतं, तुम्ही दिली नाही, मग 'मुदतच उरली नाही, म्हणून दंडही नाही' असं म्हणता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

आता तुमच्या 28 दिवसांकडे येते. 1999 च्या रेड बुकप्रमाणे घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून 28 दिवसांत नोटीस गेली नाही, तर मुदत वाढत नाही, जादा पैसे मिळत नाहीत आणि क्लायंट त्या बाबतीत मोकळा होतो. शब्द कडक आहेत. तुम्ही 3 मार्चपासून मोजलंत, म्हणून 31 मार्चला दार बंद झालं असं तुम्हाला वाटतंय. काटेकोरपणे तसंच मोजायला हवं आणि पुढच्या प्रत्येक वेळी तसंच मोजा. पण या वेळेपुरती एक फट आहे. ओब्रास्कॉन विरुद्ध जिब्राल्टर सरकार (2014) हा विमानतळाजवळच्या रस्त्या-बोगद्याच्या कामाचा खटला फिडिकच्याच 1999 च्या यलो बुकवरचा (डिझाइनही कंत्राटदाराकडे असलेल्या कामांच्या नमुना करारावरचा) होता. मुदतवाढीच्या कलमात 'उशीर होतोय किंवा होणार आहे' असे शब्द आहेत, तेव्हा 28 दिवसांचं घड्याळ प्रत्यक्ष उशीर सुरू झाल्यापासूनही धरता येईल, असं न्यायाधीशांनी त्यात म्हटलं. तुमच्या चार्टवर कामांच्या या साखळीला 10 दिवसांचा फ्लोट (शेवटची तारीख न हलवता उशीर पोटात घ्यायची सवड) होता, असं तुम्ही सोबतच्या तक्त्यात दाखवलंय. म्हणजे 3 ते 13 मार्चपर्यंत ड्रॉइंग नसूनही पुलाची शेवटची तारीख हललेली नव्हती, ती 13 मार्चनंतर हलायला लागली. तिथून 28 दिवस म्हणजे 10 एप्रिल. म्हणून मी तुम्हाला ती तारीख कळवली.

हा युक्तिवाद आहे, हमी नाही. तुमच्या करारावर ज्या देशाचा कायदा लागू असेल तिथलं कोर्ट किंवा लवाद तो मानेलच असं नाही. तरीही न दिलेल्या नोटिशीपेक्षा उशिरा दिलेली नोटीस कधीही बरी, कारण नोटीसच नसेल तर उशीर माफ करा म्हणायलाही जागा राहत नाही. 20 फेब्रुवारीच्या मिनिट्सचा नोटिशीत उल्लेख जरूर करा. त्या ओळीने 1.9 च्या नोटिशीचं निम्मं काम केलंय: कोणतं ड्रॉइंग आणि कधीपर्यंत, हे त्यात आहे. न मिळाल्यास काय होईल आणि आम्ही मुदतवाढ मागू, हे मात्र त्यात नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबता येणार नाही.

आणि मागची तारीख? ते मनातही आणू नका. पत्र ज्या दिवशी लिहिलं ती तारीख, ज्या दिवशी पोचलं तो आवकचा शिक्का. एकदा एक तारीख खोटी ठरली की तुमच्या फाइलमधल्या बाकीच्या सगळ्या खऱ्या तारखांवरही संशय घेतला जातो.

यावरून शटरिंगच्या तारखेकडे येते. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साहेबांनी सांगितलंय, शटरिंग 10 तारखेलाच आलं असं दाखवा. तुमच्या मनाला ते पटत नाहीये, पण 'तसं नाही केलं तर क्लेम बुडेल' असं तुम्हालाही वाटतंय. खरंच बुडेल का, ते आकड्यांनीच बघू.

चार्टप्रमाणे 3 मार्चला ड्रॉइंग, मग सळई कापून वाकवायला 7 दिवस, 10 मार्चला शटरिंग घेऊन कॅपचं काम सुरू. प्रत्यक्षात ड्रॉइंग 27 मार्चला आली, सळई 3 एप्रिलपर्यंत तयार झाली. काम 10 मार्चऐवजी 3 एप्रिलला सुरू झालं, म्हणजे 24 दिवस उशिरा. त्यातले 10 दिवस फ्लोटने गिळले. पुलाच्या शेवटच्या तारखेवर आलेला उशीर 14 दिवसांचा.

आता ड्रॉइंग वेळेवर आली होती असं धरा आणि फक्त शटरिंगचा उशीर मोजा. 10 ऐवजी 19 मार्च, म्हणजे 9 दिवस. फ्लोट 10 दिवसांचा. पुलाची शेवटची तारीख एका दिवसानेही हलली नसती.

म्हणजे जी गोष्ट लपवायला सांगितलीय, तिने तुमचं काहीच बिघडत नव्हतं. शटरिंग 19 तारखेला येऊन पडलं आणि सळईची वाट बघत राहिलं. हे उघड सांगितल्याने क्लेम कमकुवत होत नाही. उलट, शटरिंग आठवडाभर आधी साइटवर होतं आणि ड्रॉइंगअभावी पडून राहिलं, याचा तो पुरावा आहे. खोटी तारीख घातली असती, तर इंजिनिअरच्या माणसाने सही केलेला 19 मार्चचा डेली रिपोर्ट, गेटवरची नोंद आणि सबकॉन्ट्रॅक्टरचं चलान, या तीन कागदांनी ती पाडली असती. आणि तिच्यासोबत तुमचे रास्त 14 दिवसही वाहून गेले असते. तो अपडेट तुमच्या हातून गेला असता, म्हणजे खुलासाही तुम्हालाच करावा लागला असता.

24 दिवसांच्या मागणीचंही तसंच आहे. 'आपण 24 मागू, ते 14 वर येतील' असा हिशेब साहेबांचा असावा. पण फ्लोट कुणाचा हे करारात लिहिलेलं नसेल, तर तो कुणा एकाचा नसतो, ज्याला आधी गरज लागेल त्याने तो वापरावा, अशी भूमिका सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या प्रोटोकॉलने घेतलीय. तो 2002 साली आला आणि 2017 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. कुठल्याही करारात तो आपोआप लागू होत नाही, पण मुदतवाढीचं मोजमाप करणारे लोक त्याचा आधार घेतात. तुमचा चार्ट 14 दाखवत असताना पत्रात 24 लिहिलं, तर पहिलं वाक्य वाचतानाच इंजिनिअरचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. पुढच्या वेळी तुम्ही अगदी खरा आकडा दिला तरी तो त्यातून दहा कापूनच वाचेल.

तुमच्यासारख्या इतर वाचकांच्या बाबतीत गणित इतकं सोपं नसेल. समजा शटरिंगचा उशीर खरंच ड्रॉइंगइतकाच असता आणि दोन्ही एकाच वेळी क्रिटिकल पाथवर (ज्यातला उशीर थेट शेवटच्या तारखेवर येतो अशा कामांच्या साखळीवर) असते, तर? याला कन्करंट डिले म्हणतात आणि यावर सगळीकडे एकमत नाही. इंग्लंडमध्ये वॉल्टर लिली विरुद्ध मॅके (2012) मध्ये कोर्ट म्हणालं की क्लायंटकडचं कारण खरोखर परिणाम करणारं असेल, तर कंत्राटदाराला पूर्ण मुदतवाढ मिळायला हवी. स्कॉटलंडमध्ये सिटी इन विरुद्ध शेफर्ड (2010) मध्ये उशिराची न्याय्य वाटणी करण्याकडे कल होता. इंग्लंडमध्येच 2018 साली नॉर्थ मिडलंड विरुद्ध सायडन होम्स या निकालाने स्पष्ट केलं की 'एकाच वेळचा उशीर कंत्राटदाराच्या माथी' असं करारात स्वच्छ लिहिलं असेल, तर तेच चालेल. फिडिकची 1999 ची आवृत्ती याबद्दल काही बोलत नाही, 2017 ची आवृत्ती हा विषय विशेष अटींवर सोडते. प्रोटोकॉलचं सर्वसाधारण म्हणणं असं की अशा काळासाठी मुदत मिळावी, पण काम लांबल्याचा जादा खर्च तेवढा सहजासहजी मिळू नये. म्हणून आपल्या उशिराची माहिती दडवण्याआधी करार काय म्हणतो ते वाचायला हवं. कित्येकदा आपला उशीर मान्य करूनही वेळ मिळतो, फक्त पैसे मिळत नाहीत. आणि वेळ मिळाली म्हणजे दंड टळला, ही काही लहान गोष्ट नाही.

तर आता मेल तुम्ही टाकायचा का? माझं उत्तर नाही असं आहे. रेड बुकमध्ये कंत्राटदाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार कलम 4.3 मधल्या प्रतिनिधीला असतो, आणि तुमच्या साइटवर ते साहेब आहेत. तुम्ही परस्पर पाठवलेली नोटीस अधिकृत होती का, यावरच उद्या वाद होईल. तुमची नोकरी पणाला लागेल ती वेगळी. पण गप्प बसणं हा दुसरा टोकाचा पर्याय मला तितकाच चुकीचा वाटतो. प्लॅनिंग इंजिनिअरला जे दिसतं ते इतर कुणाला दिसत नाही. 28 दिवस कधी संपतात हे मोजणारा माणूस साइटवर बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो तुम्ही आहात.

म्हणून साहेबांकडे प्रश्न घेऊन जाऊ नका, तयार पत्र घेऊन जा. सोबत एक पान: चार्टचा कॅपच्या साखळीपुरता भाग, 3 मार्च, 13 मार्च, 27 मार्च आणि 10 एप्रिल या चार तारखा, आणि दंडाचा प्रतिदिन दर गुणिले 14. हा दर टेंडरच्या परिशिष्टात असतो. साहेबांसमोर तो गुणाकार कुणी मांडलेला नसावा असा माझा अंदाज आहे. 'संबंध' हा शब्द त्या आकड्याशेजारी ठेवून बघितला की निर्णय घ्यायला त्यांनाही सोपं जाईल. आणि त्यांना सुचवा की पत्र जाण्याआधी इंजिनिअरना फोन करावा: 'करारात 28 दिवसांचं बंधन आहे म्हणून पत्र पाठवतोय, ड्रॉइंगच्या विषयावर समोरासमोर बसूच.' असं आधी सांगून आलेलं पत्र कुणाला बोचत नाही. बोचतं ते न सांगता वकिली भाषेत आलेलं पत्र.

पत्राची भाषा अशी पुरे आहे (करार ज्या भाषेत असेल तीत लिहा):

'विषय: कलम 20.1 आणि 1.9 अन्वये नोटीस. पिअर कॅपची सळई ड्रॉइंग. मंजूर कार्यक्रमाप्रमाणे वरील ड्रॉइंग 3 मार्चला अपेक्षित होती आणि 20 फेब्रुवारीच्या बैठकीत त्याची नोंद झाली होती. ती 27 मार्चला प्राप्त झाली. यामुळे 13 मार्चपासून काम पूर्ण होण्याच्या तारखेवर परिणाम झाला असून, मुदतवाढ आणि लागू असेल तो खर्च आम्ही मागणार आहोत. तपशील कराराच्या मुदतीत सादर करू. क्रम बदलून उशीर कमी करता येईल का, यावर चर्चेसाठी आपली वेळ मिळावी.'

शेवटचं वाक्य शोभेसाठी नाही. उशीर कमी करण्याचे वाजवी प्रयत्न केलेत हे पुढे दाखवावं लागतं. मात्र इंजिनिअरने तोंडी 'जादा गँग लावा, वेग वाढवा' म्हटलं तर तेवढ्यावर खर्च करू नका. उशीर त्यांच्याकडचा असताना वेग वाढवायचा असेल, तर सूचना लेखी घ्या आणि पैशांचं आधी ठरवा.

सविस्तर क्लेमला 42 दिवस असतात आणि तेही घटना कळल्यापासूनच. 3 मार्चपासून मोजलं तर 14 एप्रिल. तेवढ्यात जमणार नसेल तर इंजिनिअरकडून वाढीव वेळ लेखी मान्य करून घ्या, कलमात तशी सोय आहे. क्लेमसोबत काय जोडाल ते आज गोळा करायला घ्या: ड्रॉइंग रजिस्टरचं पान आणि आवकचा शिक्का असलेलं ट्रान्समिटल (ड्रॉइंगसोबतचं पाठवणीपत्र), 13 मार्च ते 3 एप्रिलचे डेली रिपोर्ट, त्या काळात कोणती गँग आणि कोणती क्रेन रिकामी होती, त्यांना दुसरीकडे कुठे लावलं, आणि तारीख दिसेल असे फोटो. चार्टची फेब्रुवारीअखेरची, मार्चअखेरची अशी प्रत्येक अपडेटची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. जुन्या फाइलवर नवी सेव्ह करण्याची सवय प्लॅनिंगवाल्यांमध्ये फार आहे, आणि त्यात फेब्रुवारीला परिस्थिती कशी दिसत होती हा पुरावाच पुसला जातो. उशीर झाला त्या आठवड्यात केलेलं विश्लेषण आणि दोन वर्षांनी आठवून केलेलं विश्लेषण, यांच्या वजनात जमीनअस्मानाचा फरक असतो.

इतर करारांवर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. फिडिकच्या 2017 च्या आवृत्तीत 28 दिवसांचं बंधन क्लायंटलाही आहे, सविस्तर क्लेमला 84 दिवस मिळतात, आणि नोटीस ही 'नोटीस' म्हणून ओळखता येईल अशीच असावी लागते, मिनिट्समधली ओळ तिथे चालत नाही. एनईसीत कॉम्पेन्सेशन इव्हेंट (वेळ किंवा पैसे मागता येतील अशी घटना) कळवायला आठ आठवडे आहेत. पण तिथे कार्यक्रमाचं महत्त्व इतकं की पहिला कार्यक्रम दिला नाही तर झालेल्या कामाच्या रकमेचा चौथा हिस्सा रोखून ठेवतात. अमेरिकेतल्या एआयए या वास्तुविशारदांच्या संस्थेच्या ए201 या नमुना अटींच्या 2017 च्या आवृत्तीत क्लेमला 21 दिवस आहेत. जेसीटी या ब्रिटनमधल्या इमारतकामांच्या नमुना करारांत असा आकडा नाही, उशीर होणार हे दिसताच कळवायचं असतं. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं पान तुमच्या कराराच्या विशेष अटींचं. 28 चे 14 किंवा 7 तिथेच गुपचूप झालेले असतात. सबकॉन्ट्रॅक्टर असाल तर मुख्य कंत्राटदाराने तुमची मुदत त्याच्या मुदतीहून कमी ठेवलेली असणार, ती आधी बघा.

क्लायंटच्या किंवा इंजिनिअरच्या बाजूला बसलेल्यांनाही एक विनंती. नोटीस आली की 'हा आता भांडायला लागला' असं म्हणून फाइलला लावू नका. सविस्तर क्लेम आल्यावर 42 दिवसांत उत्तर देणं हे 1999 च्या रेड बुकात तुमचंही बंधन आहे. सगळ्या मुदतवाढी शेवटच्या बिलापर्यंत लोंबकळत ठेवल्या, की नेमक्या कुठल्या तारखेला धरून काम करायचं हेच साइटवर कुणाला कळत नाही. प्रामाणिक कंत्राटदारालाही मग आकडे फुगवण्याची सवय लागते.

तुमच्या बेअरिंग पेडेस्टलच्या ड्रॉइंगचं राहिलं. ती वेगळी घटना आहे, तिचं घड्याळ वेगळं आहे आणि ते अजून सुरूही झालेलं नाही. पिअर कॅपच्या नोटिशीत तिला गुंफू नका. 25 एप्रिलला लागणार असतील तर 1.9 चं स्वतंत्र पत्र आजच करा: कोणती ड्रॉइंग, 25 तारीख का, न मिळाल्यास कोणती गँग आणि कोणतं काम थांबेल. मात्र कॅपचं काम 14 दिवस पुढे सरकल्यावर पेडेस्टलची गरज खरंच 25 लाच आहे का, हे आधी सुधारित चार्टवर तपासून घ्या. गरज 9 मेला असेल तर पत्रात 9 मे लिहा. पिअर कॅपच्या नोटिशीवर सही करायला साहेब बिचकले तरी हे पत्र ते सही करतील असं मला वाटतं, कारण यात अजून कुणाचाच उशीर झालेला नाही. सुरुवात याच पत्राने केलीत तर कदाचित दुसरंही सोपं जाईल. फक्त 10 एप्रिल उलटू देऊ नका.

आणि तरीही ते नाहीच म्हणाले, तर तुमचं ते एक पान त्यांना मेलने पाठवा, 'आज चर्चा झाल्याप्रमाणे' असं लिहून, आणि मुख्य ऑफिसच्या कॉन्ट्रॅक्ट्स विभागाला त्याची प्रत ठेवा. प्रत ठेवणार आहात हे साहेबांना आधी सांगा. शटरिंगची खोटी तारीख मात्र कुणाच्याही सांगण्यावरून भरू नका. '19 मार्च, डेली रिपोर्टप्रमाणे' असंच अपडेटमध्ये जाऊ द्या. साहेबांना बदल हवाच असेल तर तसं लेखी द्यायला सांगा. माझ्या अनुभवात अशी लेखी सूचना सहसा येत नाही.